न केल्याचा दोष

नित्यकर्माविषयी शास्त्रात एक पक्ष असा आहे की, ते केल्याने वेगळे फळ मिळत नाही; परंतु न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, मात्र लागतो. यावर श्रीमच्छंकराचार्यांनी तैत्तिरीय उपनिषदाच्या भाष्यात मोठी मार्मिक शंका काढली आहे. न करणे हा तर नुसता अभाव. अभावापासून दोषासारखी भावरूप वस्तू उपजेल कशी? पाठशाळेत हा विषय आम्ही घोकला, पुढे कीर्तनांतून कितीदा तरी सांगितला. पण त्याचा खरा पाठ आम्हांला मिळाला तो म्हसवडच्या रानात, आमच्याच फुटक्या तालीवर.

आमच्या माणदेशात पाऊस थोडा, आणि आला की एका दमात कोसळणारा. म्हणून उताराच्या रानाला आडव्या ताली घालण्याची जुनी वहिवाट आहे. ताल पाणी अडवते, माती धरते, ओल मुरवते, आणि जास्तीचे पाणी सांडव्यावाटे सावकाश खाली सोडते. पण ताल एकदा घातली म्हणजे झाले, असे नाही. घुशी, उंदीर, खेकडे तिला पोखरतात. ढोरांच्या पायांनी तिचा माथा बसतो. सांडव्यात झुडपे माजतात. सांडवा तुंबला की पाणी माथ्यावरून वाहू लागते, आणि मग मातीची ताल घटकाभरही टिकत नाही.

आमच्या तालीला घुशीचे बीळ पडलेले आम्ही मृगाच्या आधीच पाहिले होते. चार पाट्या मुरूम, थोडे दगड, एवढेच काम. आषाढीची वारी होऊ द्या, मग बघू म्हटले. वारी झाली, चातुर्मासाची कीर्तने लागली. हस्ताच्या पावसात एका रात्री ताल फुटली. आमची माती गेली ती गेलीच. पण तो लोंढा खालच्या शेजाऱ्याच्या कोवळ्या शाळूवरून गेला आणि त्याच्या रानात मुरूम उघडा पडला. सकाळी तो दारात आला. आम्ही म्हणालो, "अहो, पाऊस देवाचा. आम्ही काय केलं?" तो शांतपणे म्हणाला, "बुवा, त्येच म्हंतोय. तुमी कायबी केलं न्हाई."

वाचकहो, त्या बोलण्याने आमचे सारे पांडित्य जागच्या जागी बसले. उघड्या माळावर ताल नसणे हा खरा अभाव. तिथे दोष कुणाला द्यावा? पण आम्ही पाणी अडवले होते, त्याच्या ओलीवर वर्षानुवर्षे पीक घेतले होते. चहूकडून येणारे पाणी एके ठिकाणी गोळा करून शेजाऱ्याच्या डोक्यावर आम्हीच ठेवले होते. ताल घातली त्याच दिवशी आम्ही कर्ते झालो. पहारा पत्करून झोपी गेलेल्या माणसाला "मी काहीच केले नाही" असे म्हणता येत नाही. आचार्यांची शंका आपल्या जागी बिनतोड आहे. पण अंगावर घेतलेले काम न करणे हा निव्वळ अभाव नव्हे, एवढे आम्हांला त्या दिवशी उमगले.

सरकारचा कायदाही याच अंगाने जातो. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीची देखभाल जमीनधारकावर टाकली. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याप्रमाणे शेतातल्या पाण्याची स्वाभाविक वाट कोणी अडवली, तर तो अडथळा काढून टाकण्याचा अधिकार मामलेदारास आहे. पण घुशीचे बीळ बघायला मामलेदार येणार नाही. ते मालकानेच बघावयाचे.

आमच्याच माण तालुक्यातील टाकेवाडीने २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. गावाने उन्हातान्हात श्रमदान केले, ते धन्य होय. नवे काम उभे करताना गाव लोटतो, हलगी वाजते, बक्षीस मिळते, ते काम्यकर्म. तेच पुढे दर साल राखायचे, त्याला बक्षीसही नाही आणि हलगीही नाही. ते नित्यकर्म, आणि कसोटी त्याचीच.

कोणी म्हणेल, बुवा, वारी सोडून फावडे धरायचे काय? वारी सोडू नये. पण अरणच्या सावता महाराजांना त्यांच्या मळ्यातच पांडुरंग भेटला, ही कथा आम्ही सारे सांगतो आणि बीळ मात्र बुजवीत नाही! फुटलेल्या तालींची माती माणगंगेतून जाऊन राजेवाडीच्या तलावात बसते. तीच माणगंगा पुढे सरकोलीजवळ भीमेला मिळते. वर हयगय करावी आणि खाली पंढरीत त्याच भीमेला चंद्रभागा म्हणून हात जोडावेत, हे शोभत नाही.

असो. शेजाऱ्याच्या पायांवर डोके ठेवून, त्याच्या रानात माती भरून दिली, तेव्हा कुठे आमची झोप परत आली. आता मृगाच्या आधी एक दिवस आणि हस्ताच्या आधी एक दिवस तालीवर फिरण्याचा नेम धरला आहे. एकादशी चुकली तर जीवाला जशी चुटपुट लागते, तशी हा फेरा चुकला तरी लागावी, एवढेच पांडुरंगाकडे मागणे. रामकृष्णहरि.