लढाई काठावरची

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पेन्सव्हिल गावाजवळ कोरोनिस नावाचे मोठे तळे आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तिथे एक परके शेवाळ सापडले आणि राज्यभरातले तळ्याकाठचे लोक धास्तावले. स्टारी स्टोनवर्ट हे त्याचे रोजच्या बोलण्यातले नाव, तर निटेलॉप्सिस ऑब्टुसा हे शास्त्रीय. ते मूळचे युरोप-आशियातले. उत्तर अमेरिकेत ते पहिल्यांदा आढळले १९७० च्या दशकात, सेंट लॉरेन्स नदीत. जहाजांचा तोल राखण्यासाठी भरलेल्या पाण्यातून ते आले असावे, असे मानले जाते. पुढे मिशिगन, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा अशी त्याची मजल गेली. अशा पाहुण्याशी लढायचे तरी कुठे? माझ्या मते तळ्याच्या काठावर, जिथे बोट पाण्यात उतरते तिथे. पाण्यातली लढाई बहुतेक वेळा उशिरा सुरू झालेली असते.

असे का, हे त्याच्या वाढीतच दडलेले आहे. हे शेवाळ म्हणजे पाण्यावरचा हिरवा बुळबुळीत थर नव्हे. ते तळाशी रुजते, दीड-दोन मीटर उंच वाढते आणि दिसायला एखाद्या वनस्पतीसारखेच असते. त्याच्या बारीक दांड्याला ठरावीक अंतरावर फांद्यांची वलये असतात. दोन वलयांमधला अख्खा तुकडा म्हणजे एकच पेशी! ती कित्येक सेंटिमीटर लांब असू शकते आणि चिमटीत दाबली की फुटते. खाली गाळात रंगहीन धागे पसरतात आणि त्यांच्यावर पांढऱ्या चांदण्या धरतात. तीन ते सहा मिलिमीटरच्या, पाच-सहा टोकांच्या या कंदिकांमध्ये पिष्ट साठवलेले असते. प्रत्येक कंदिकेतून नवे शेवाळ उगवू शकते.

या जातीत नर आणि मादी वेगवेगळे असतात. उत्तर अमेरिकेत आजवर फक्त नरच आढळले आहेत. म्हणजे तिथला सगळा पसारा लैंगिक प्रजननाशिवाय, तुटलेले तुकडे आणि गाळातल्या कंदिका यांच्या जोरावर उभा राहिला. पसरण्यासाठी त्याला ना जोडीदार लागतो, ना बी. नांगराला अडकलेला एक झुबका दुसऱ्या तळ्यात पडला, तरी नव्या वसाहतीला तेवढा पुरतो.

म्हणूनच यंत्राने कापणी केली, तांब्याची शेवाळनाशके फवारली आणि पाणी मोकळे दिसू लागले, तरी काम फत्ते झाले असे म्हणता येत नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी कोरोनिसमधल्या उपायांचा अभ्यास करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. उपायांनी वरची वाढ घटली, पण नुसत्या शेवाळनाशकाने गाळातल्या कंदिकांची उगवणक्षमता कमी झाली नाही. शिवाय तांबे आपले-परके ओळखत नाही. कारासारखी स्थानिक शेवाळे गाळ धरून ठेवतात आणि पाणी नितळ राखतात. स्टोनवर्टचीच ही भावंडे त्याच फवाऱ्याला बळी पडू शकतात.

मग काहीच करू नये का? तसे मुळीच नाही. २०१७ मध्ये मिनेसोटात स्वयंसेवकांची शोधमोहीम निघाली. एकाच दिवशी शेकडो माणसे तळ्यांच्या काठांवर दाताळे टाकून तपासणी करत होती. त्यात ग्रँड लेकमध्ये या शेवाळाची छोटीशी वसाहत वेळीच सापडली आणि ती हाताने उपटता आली. वसाहत लहान असताना हात पुरतात; ती पसरली की यंत्रेही अपुरी पडतात.

या शेवाळाला खलनायक ठरवण्याची घाईही करू नये. ब्रिटन आणि जपानमध्ये ते दुर्मीळ असून त्याच्या संवर्धनाची चिंता केली जाते. मायदेशी जपायचे आणि परदेशी निपटायचे, यात विसंगती नाही. शेवाळ तेच असते, बदलते ते त्याच्या भोवतीचे जग. शिवाय ते स्वतःहून एक तळे ओलांडून दुसऱ्यात गेलेले नाही. त्याची वाहतूक बोटी, ट्रेलर आणि नांगर यांनी, म्हणजे माणसांनीच केली.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा या नद्यांमधून दरवर्षी जलपर्णी काढली जाते आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा हजर असते. जलपर्णी हे शेवाळ नाही, पण धुमाऱ्यांनी वाढत जाण्याची तिची रीत तशीच आहे, आणि तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. तिला पोसणारे सांडपाणी नदीत येतच राहते. तरीही यशाचे मोजमाप काय, तर किती टन जलपर्णी बाहेर काढली! हे मोजमापच चुकीचे आहे. पात्रात मागे काय उरले आणि वरून काय येत राहिले, हे मोजले तरच कामाचा खरा हिशेब लागेल.

मिनेसोटात बोट तळ्याबाहेर काढली की तिला चिकटलेल्या पाणवनस्पती काढणे आणि पाण्याचे बूच उघडून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. या शेवाळाचा सुटा धागा उन्हात लवकर मरतो, पण दाट झुबका कित्येक दिवस तग धरतो. म्हणून बोट धुऊन, पाणी काढून ती पूर्ण वाळवणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. त्यात दिमाख नाही, उद्घाटन नाही आणि यश आले तर दाखवण्यासारखेही काही नाही. पण तळी वाचतात ती अशाच कामांमुळे. तळ्याकाठी राहणाऱ्यांनी, बोट चालवणाऱ्यांनी आणि या कामाला पैसा देणाऱ्या सरकारांनी प्रतिबंधावरचा खर्च पहिल्या क्रमांकावर ठेवावा. कंदिका एकदा गाळात उतरल्या की मग खर्च दरवर्षीचाच होतो.