साक्षीदाराची आंघोळ

माणूस प्रामाणिकपणे खोटं सांगू शकतो का? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या जाडजूड पुस्तकात शोभला असता. मला मात्र तो वाशीमला रिसोड रस्त्यावर, भर उन्हात पडला. समोर उघडलेलं बॉनेट, आत वाकलेला मिस्त्री आणि बाहेर उकळणारा मी.

गाडी चढाला लागली की दमेकऱ्यासारखी धापा टाकायची. दुखणं होतं हवा मोजणाऱ्या सेन्सरचं. (वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. त्यांच्या रथांना सेन्सर नव्हते, म्हणूनच त्यांना राज्य करायला सवड मिळाली असावी.) हा सेन्सर म्हणजे इंजिनाच्या नाकातली एक नाजूक तार. वीज देऊन ती तापती ठेवतात. आत येणारी हवा तिला गार करते. पुन्हा तेवढीच तापायला किती वीज लागली, त्यावरून गाडीतला संगणक हवेचा हिशेब करतो आणि त्या मानाने पेट्रोल सोडतो. तारेवर धूळ बसली की तिला वारं नीट लागत नाही. हवा येते पोटभर, ती सांगते घोटभर, आणि इंजिन बिचारं अर्धपोटी! त्यात ऑक्टोबरात आमच्याकडे सोयाबीनची मळणी. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला आमचा जिल्हा धुळीच्या बाबतीत पूर्ण स्वावलंबी आहे.

दोन महिन्यांपूर्वी एका काचेच्या वर्कशॉपाने सेन्सर बदलायचा जो आकडा सांगितला, त्यात माझी पहिली स्कूटर दोनदा आली असती. तेव्हा याच मिस्त्रीने तो किरकोळ पैशांत धुऊन दिला होता. आता गाडी पुन्हा रुसली, तेव्हा मी चहाच्या टपरीवर जाहीर केलं, "त्यानं माझा चांगला सेन्सर काढून कुणाचा तरी भंगार बसवला!" ऐकणारे चौघेच होते. पण वाशीमला चौघे पुष्कळ होतात.

मिस्त्रीने सेन्सरचा प्लग उपटला. "आता चालवून पाहा, सर."

पुढ्यात पिवळा दिवा लागला, पण गाडी चक्क बरी पळाली!

"साक्षीदार नाई म्हनल्यावर गाडी अंदाजानं चालते," तो म्हणाला. "खोट्या साक्षीपेक्षा अंदाज बरा."

"म्हणजे हा खोटारडा?"

"खोटारडा कायचा? त्याले जेवढी हवा लागली, तेवढी सांगते बिचारा. घान आंगावर हाये, मनात नाई."

मग त्याने फिल्टरचा डबा उघडला. पैसे वाचवायला नवा फिल्टर मी स्वहस्ते बसवला होता आणि एक क्लिप लावायची विसरलो होतो. त्या फटीतून अर्धा तालुका आत गेला होता. मिस्त्री काही बोलला नाही. नुसती क्लिप माझ्यासमोर दोनदा टक्‌टक् वाजवली.

सेन्सर काढून त्याने लांबूनच खास स्प्रे मारला. मी मदतीला रुमाल काढला, तर ओरडला. मी फुंकर घालायला वाकलो. "फुंकू नका, सर! तार हाये, चूल नाई. आपोआप सुकू द्या."

"बदलायचा कधी मग?"

"तार तुटली का बदलाच लागते. मळली म्हनून कोनी फेकते का?"

सुकेपर्यंत मला दुसरा उद्योग नव्हता, म्हणून विचार केला. टपरीवर मीही मला लागलं तेच सांगितलं होतं. त्यात लबाडी नव्हती. पण हेतू शुद्ध होता म्हणून इंजिनाचं पोट भरत नाही आणि मिस्त्रीची गिऱ्हाइकंही परत येत नाहीत. शिवाय तारेला स्वतःवरची धूळ दिसायची सोय नाही. माझी क्लिप तर माझ्याच हातात होती. बघितली नाही एवढंच. याला प्रामाणिकपणा म्हणायचं की आळस?

गाडी सुरू झाली, दिवा विझवून घेतला, आणि मी थेट टपरी गाठली. चौघांनाही चहा सांगितला आणि क्लिपेसकट सगळी हकीकत सांगितली. चौघांनी शांतपणे ऐकून घेतली. मग एकाने कप खाली ठेवला.

"तुम्ही लई भोळे हो, सर," तो कळवळून म्हणाला. "तुमीच तं सांगतलं होतं त्याचं. आमी तवापासून आमच्या गाड्या तिकडं नेतच नाई."