मिठाचे ऋण आणि हरलेला सेनापती

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून आलेल्या भारतीय सैन्याने नळदुर्ग आणि तेथील बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला, आणि जळकोट, उमरगा या गावांवरून जाणारा हैदराबादचा रस्ता त्याला खुला झाला. १७ तारखेला हैदराबाद संस्थानाच्या निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी संस्थानी फौजेचे सेनापती मेजर जनरल सय्यद अहमद अल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. त्या भेटीच्या छायाचित्रात दोघेही गणवेशात समोरासमोर उभे आहेत, आणि ठाऊक नसलेल्याला जेता कोण हे चटकन ओळखू येऊ नये.

युद्ध न्याय्य कारणासाठी होते काय आणि ते न्याय्य रीतीने लढले गेले काय, हे दोन प्रश्न युद्धनीतीत वेगळे मानतात. पहिल्याचा जाब राज्यकर्त्याने द्यायचा, दुसऱ्याचा सैनिकाने, असे राजकीय विचारवंत मायकेल वॉल्झर यांचे प्रतिपादन आहे. शिपायापुरते ते पटते. सेनापती मात्र दरबारातही बसतो, आणि म्हणूनच 'खाल्ल्या मिठाला जागला' एवढ्यावर त्याची सुटका होत नाही.

महाभारतात भीष्मांना बोल लागतो तो कुरुक्षेत्रातील पराक्रमामुळे नव्हे, तर द्रौपदीने सभेत विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी निर्णायक उत्तर दिले नाही म्हणून. दुर्योधनाचा सख्खा भाऊ विकर्ण मात्र त्याच सभेत उठून बोलला, पुढे कौरवांकडूनच लढला आणि पडला; त्याला मारल्यावर खुद्द भीम हळहळला.

इद्रूस यांची सभा म्हणजे १९४८ चे ते महिने, ज्यांत कासीम रझवीचे रझाकार, म्हणजे मजलिस या राजकीय संघटनेचे सशस्त्र स्वयंसेवक, मराठवाड्यातील गावे लुटत होते. रझवी इद्रूस यांच्या हुकमतीखाली नव्हता, हे खरे. पण प्रशिक्षित फौज त्यांच्याच हाती होती. वेळेवर शस्त्र खाली ठेवून त्यांनी शहराचा रक्तपात टाळला, याचे श्रेय त्या महिन्यांच्या हिशेबातून वजा होत नाही आणि तो हिशेबही त्या श्रेयाने फिटत नाही.

हाच तराजू जेत्यालाही लावावा लागतो. लष्करी कारवाईच्या काळातील आणि त्यानंतरच्या हिंसाचारात संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज त्याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने मांडला, सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घातले, आणि काही ठिकाणी लुटीत सैनिकही सामील असल्याचे नोंदवले. तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. चौधरी त्या काळात हैदराबादचे लष्करी गव्हर्नर होते.