अवघड अभ्यासक्रम आणि इस्तिखारा

गेल्या महिन्यात मगरिबच्या नमाजानंतर एक पिता आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आला. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. गणिताचा पेपर दोनदा राहिलेला. त्याला अभियांत्रिकी सोडून इतिहास शिकायचा होता. पिता म्हणाला, "मौलाना, याच्या फीसाठी याच्या अम्मीने बांगड्या विकल्या. तुम्हीच इस्तिखारा करून सांगा."

इस्तिखारा म्हणजे कौल लावणे नव्हे. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की, प्रेषित मुहम्मद (स.) ही दुआ सहाबांना कुरआनच्या सूरहप्रमाणे शिकवीत. ज्याच्यापुढे काम आहे त्यानेच दोन रकात नमाज अदा करून ती मागावयाची आहे. त्या हदीसमध्ये स्वप्नाचा उल्लेखसुद्धा नाही. हे काम माझा दीन, उपजीविका व अंतिम परिणाम यांच्या दृष्टीने हिताचे असेल तर सुलभ कर, नसेल तर त्याला माझ्यापासून व मला त्याच्यापासून दूर कर, आणि जिथे हित असेल तिथे मला राजी ठेव, असा तिचा आशय आहे. सूरह आलि इमरानमध्ये आधी सल्लामसलत, मग निश्चय आणि त्यानंतर अल्लाहवर भरवसा असा क्रम आला आहे. आपण नेमका तो उलटा करतो.

अवघड आहे म्हणून सोडावे काय? हजरत आयेशा (रजि.) यांच्या कथनानुसार अडखळत, कष्टाने कुरआन पठण करणाऱ्याला दुप्पट मोबदला आहे. अडखळणे हा नाराजीचा संकेत नव्हे. मी मुलाला खोदून विचारले, तेव्हा समजले की पहिल्या वर्षी तो मागे पडला आणि मग लाजेने त्याने तासांना जाणेच सोडले. जो विषय मनापासून शिकलाच नाही, तो जमत नाही असे कसे ठरवावे?

तथापि विषय बदलणे म्हणजे पराभव, हेही खरे नाही. इमाम अबू हनीफा (रह.) रेशमी वस्त्रांचे व्यापारी होते. इमाम शाबी (रह.) यांच्या सल्ल्याने ते ज्ञानाकडे वळले, प्रथम कलामशास्त्रात रमले, नंतर ते सोडून फिकहकडे आले. मात्र इमाम हम्माद (रह.) यांच्या पाठवर्गात ते सुमारे 18 वर्षे राहिले. विषय बदलला, पण बदलल्यावर बैठक मोडली नाही. मुलाला यातला पहिला भाग आवडला, पित्याला दुसरा!

शेवटी असे ठरले की मुलाने शिक्षकांना भेटून, नीट अभ्यास करून तो पेपर द्यावा. पित्याने त्याच्यासोबत इतिहासाच्या एखाद्या प्राध्यापकांकडे जाऊन तिथल्या कष्टांची व रोजगाराची माहिती घ्यावी. इस्तिखारा मुलानेच करावा.

"आणि मी दुसरे काय करू?" पित्याने विचारले.

उपकार बोलून दाखवून दान वाया घालवू नका, ही सूरह बकरहमधील आज्ञा मी त्यांना आठवून दिली आणि म्हटले, "तोवर घरात बांगड्यांचा विषय काढू नका."