मार्क ९ आणि आईचा शुक्रवार

आजचे वाचन: मार्क ९:१४-२९



हा उतारा मी बरीच वर्षं टाळला. माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून फिट येतात. मार्कातला तो मुलगा जमिनीवर पडतो, तोंडाला फेस येतो, दात खातो. हे सगळं मी आमच्या हॉलमध्ये पाहिलंय. उपासनेत हा भाग वाचायला लागले की मी गीतांचं पुस्तक चाळत बसायचे.

भाऊ सातवीत असताना प्रार्थनासभेनंतर एका बाईंनी आईला बाजूला घेतलं. "ताई, असली दुखणी नुसत्या प्रार्थनेने जात नाहीत. उपास पाहिजे. शास्त्रातच आहे." तेव्हापासून आई दर शुक्रवारी उपाशी. गोळ्या तिने कधी बंद केल्या नाहीत, ही देवाची कृपा. पण फिट आली की ती आधी स्वतःलाच विचारायची, या शुक्रवारी मी चहा घेतला होता का? आता तिलाही शुगर आहे. मागच्या महिन्यात शुक्रवारी दुपारी चक्कर येऊन ती ओट्याजवळ खाली बसली.

त्या रात्री मी २९ वं वचन काढून बसले. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात प्रार्थना आणि उपास दोन्ही आहेत. बऱ्याच नव्या भाषांतरांत फक्त प्रार्थना आहे, उपास तळटीपेत. कारण चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या हस्तलिखितांत उपासाचा शब्द मुळात नाही. सिनायटिकसमध्ये तो नंतरच्या कुणा दुरुस्ती करणाऱ्याने घातलाय. मंडळीत उपासाचं महत्त्व वाढत गेलं तसा तो नकलांमध्ये शिरला असावा, असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

म्हणून उपास चूक ठरत नाही हं. मत्तय ६ मध्ये येशू उपास कसा करावा हे शिकवतोच. आणि खरं तर मला हस्तलिखितांपर्यंत जायची गरजही नव्हती. कुठलाही पाठ धरा, ते वाक्य घरात गेल्यावर शिष्यांना म्हटलंय. बापाला नाही! बापाला येशूने एवढंच विचारलं की हे कधीपासून होतंय. तो म्हणाला, लहानपणापासून. मग त्याने मदत मागितली ती एकट्या मुलासाठी नाही, 'आम्हांला' म्हणून. आजारी एकच होता, पण घरातलं कुणीच धड नव्हतं. हे मला कुणी समजावून सांगायला नको. त्याचा विश्वास अर्धामुर्धा होता, तसं तो रडकुंडीला येऊन बोललाही. येशूने त्याला अजून तयारी करून ये म्हणून परत पाठवलं नाही.

शनिवारी आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच केलं?"

"उगाच नाही गं. पण त्याने ते तुझ्याकडून मागितलं नव्हतं."

ती काहीच बोलली नाही. उठून कुकर लावला.

काल शुक्रवार होता. सकाळी तिने अर्धी भाकरी खाल्ली, शुगरची गोळी घेतली आणि मग नेहमीसारखी भावाच्या पलंगाशी प्रार्थनेला बसली. या वेळी मीही शेजारी बसले.

प्रभू, आज रात्री त्याला शांत झोप लागू दे. आईलाही. आमेन.