चौथा गट



गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर एका माऊलीने आम्हाला दारातच गाठले. मुलीने एम.एस्सी. केली आहे, आता कर्करोगावर पीएच.डी. करायची म्हणते. "फादर, पाच-सहा वर्षं उंदरांत आणि काचेच्या बश्यांत घालवून कुणाचं भलं होणार? नर्स झाली असती तर दुखणाईताला हात तरी लागला असता."

आम्ही डॉ. कमल रणदिवे यांचे नाव सांगून वेळ मारून नेली. पुण्यात जन्मलेल्या या बाईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि परळच्या संशोधन केंद्रात उंदरांवरच स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. माऊलीचे समाधान झाले नाही. खरे तर आमचेही नाही. माणसापासून इतक्या लांब राहून केलेली सेवा ही सेवाच का?

उत्तर आपल्या शेजारीच आहे, पण ते गोड नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने १९८७ पासून खेड्यापाड्यांतील कर्करुग्णांची नोंद ठेवायला सुरुवात केली. ग्रामीण भागातील ही देशातली पहिली नोंदणी. बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सर्वाधिक, आणि येणारी बाई उशिराच येणार, हे त्यातून दिसले. मग टाटा रुग्णालय व इतरांच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. चिठ्ठी टाकावी तसे गावांचे चार गट पाडले. तीन गटांत तीन प्रकारच्या तपासण्या आणि गरज पडल्यास उपचार. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात या रोगाने ३४ जणी दगावल्या, चौथ्या गटात ६४. गट साधारण सारख्याच आकाराचे होते.

पुढे यावर वाद झाला. बाजू घेणारे म्हणाले, त्या गावांत तपासणी आधीही नव्हती. कुणाचे काही काढून घेतले नाही. सेमिनरीत कान्ट शिकताना 'माणसाला केवळ साधन करू नये' हे आम्ही घोकले होते, त्यावर गुणही मिळवले. पण इथे आम्हाला शोमरोनीच्या दाखल्यातला तो याजक आठवला. आमच्याच पेशाचा. जखमी माणसाचे त्यानेही काही काढून घेतले नव्हते.

तरीही संशोधकांना त्या याजकाच्या रांगेत बसवणे अन्याय होईल. सुमारे ऐंशी हजार बायकांना त्यांनीच तपासले, आणि तुलना नसती तर कोणती तपासणी जीव वाचवते हे कळलेच नसते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हीच एचपीव्ही तपासणी पहिली पसंती म्हणून सुचवली. आज कुठल्याही देशातील बाई त्यामुळे वाचते, तेव्हा तिच्यावर त्या जिल्ह्यातल्या बायकांचे ऋण असते.

माऊली, तुमची लेक हात लावणार नाही असे नाही. ती ज्या आकड्यांना हात लावील ती माणसेच आहेत, आणि त्यांतली काही परत येणार नाहीत. तिला जाऊ द्या.

तिची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. त्यासाठी येत्या रविवारच्या मिस्साची विनंती तुम्ही दिली आहे. त्याच मिस्सात आम्ही चौथ्या गटातल्या त्या ६४ जणींचीही आठवण करणार आहोत. त्यांची नावे आमच्याजवळ नाहीत.