अकोल्याले न्या

अकोट ते अकोला अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास. धडधाकट माणसाला ते काहीच नाही. पण आठव्या महिन्यात जन्मलेलं, दीड किलोचं, दूध न ओढणारं लेकरू घेऊन निघालेल्या घराला तोच रस्ता संपता संपत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात याच रस्त्यावरचा, गांधीग्रामचा पूर्णा नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल तडा गेल्यामुळे बंद झाला, तेव्हा तर अकोला आणखी लांब गेलं. त्याच नोव्हेंबरात अकोला-अकोट रेल्वे सुरू झाली खरी, पण ऑक्सिजनवरचं बाळ पॅसेंजरने कोण नेणार? दवाखान्यातून 'अकोल्याले न्या' असं सांगितलं की बाप गाडी बघतो, आजी पदराचे पैसे सोडते आणि बाळंतीण टाके ओले असताना मागच्या सीटवर बसते.

अकोल्याच्या लेडी हार्डिंग किंवा सर्वोपचार रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, 'आधी काय दिलं?' चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही. मग बाप प्लास्टिकची पिशवी पुढे करतो. तिच्यात कापूस, सिरिंजचं वेष्टन आणि दोन-तीन रिकाम्या काचेच्या बाटल्या. त्या बाटल्यांची लेबलं वाचून पुढचं औषध ठरतं. नवजात अतिदक्षता कक्षातल्या, औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंबद्दल बोलायचं तर या पिशवीपासूनच सुरुवात करायला हवी, कारण लेकरू कक्षात पोचतं तेव्हा लढाई अर्धी होऊन गेलेली असते. २०२५ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये देशातल्या पाच जिल्हा रुग्णालयांच्या नवजात कक्षांचा अभ्यास आला. साडेसहा हजारांहून अधिक बाळं त्यात होती. त्याच रुग्णालयात जन्मलेल्या बाळांपेक्षा बाहेरून आणलेल्या बाळांच्या रक्तात जंतू सापडण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. ज्यांच्या रक्तात जंतू सापडले त्यांतल्या दर तिघांमागे एकाहून अधिक बाळं दगावली. हा आकडा दिल्ली-मुंबईच्या बड्या इस्पितळांचा नाही. आपल्यासारख्याच जिल्ह्यांचा आहे.

दिल्लीचा आकडा त्याआधी, २०१६ मध्ये आला होता. तिथल्या तीन मोठ्या रुग्णालयांत १३,५३० नवजात बाळांवर लक्ष ठेवलं गेलं. सर्वाधिक सापडलेले जंतू तीन: असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय. असिनेटोबॅक्टरच्या दर पाच नमुन्यांतले चार एकाच वेळी अनेक गटांच्या औषधांना दाद देत नव्हते. मला मात्र त्या अभ्यासातली दुसरीच गोष्ट जास्त अस्वस्थ करते. दोन तृतीयांश संसर्ग जन्मानंतर ७२ तासांच्या आत झाले होते. म्हणजे बाळ आठवडाभर व्हेंटिलेटरवर पडून होतं आणि मग नळीतून जंतू शिरला, असा प्रकार नाही. प्रसूतीची खोली, नाळ कापणारे हात, पहिल्यांदा तोंड साफ करणारी नळी, पहिलं सलाईन एवढ्यातच सगळं घडलेलं असतं.

महाराष्ट्राला हे ठाऊक नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. २०१० च्या मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी देशातल्या फिजिशियन मंडळींच्या नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. कार्बापेनेम हा अगदी राखून ठेवलेला औषधांचा गट; त्यालाही न जुमानणारे २४ जंतू त्यांनी तपासले आणि त्यांतल्या २२ मध्ये ही औषधं निकामी करणारं एनडीएम-१ हे विकर आढळलं. त्यावर फारशी ओरड झाली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परदेशी नियतकालिकात तीच गोष्ट छापून आल्यावर देश पेटला, तोही एनडीएममध्ये नवी दिल्लीचं नाव का घातलं म्हणून. जंतू राहिला बाजूला, अब्रूचीच चर्चा झाली. हे आपल्याला चांगलं जमतं.

असे जंतू बाळापर्यंत पोचतात कसे? क्लेब्सिएलाचंच घ्या, त्याला ओल आवडते. बेसिनच्या मोरीत, सक्शनच्या नळीत, ऑक्सिजन ओला करणाऱ्या बाटलीतल्या शिळ्या पाण्यात तो खुशाल राहतो. साखरेच्या सलाईनमध्ये तर वाढतोही. डेक्स्ट्रोजची एक मोठी बाटली उघडली आणि बचत म्हणून तीच चार बाळांना थोडी थोडी लावली, की चौघांच्या रक्तात तो एकदमच शिरू शकतो. यात कुणी दुष्ट नसतं. बाटली वाया जाऊ नये असं आपल्या आयांनीच शिकवलेलं असतं. आणि हात? शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नवजात कक्षात प्रत्येक पाळीत तीन-चार बाळांमागे एक परिचारिका हवी. रात्री एकट्या सिस्टरकडे दहा बाळं असतील, तर एकाचं सलाईन, दुसऱ्याचं दूध, तिसऱ्याचा श्वास थांबला म्हणून अलार्म, अशा धावपळीत प्रत्येक वेळी हात धुऊन कोरडे करायचे म्हटले तर पाळीचे तासच पुरणार नाहीत. तिला हात धुण्याचं प्रशिक्षण आणखी एकदा देऊन काही होत नाही. तिच्या शेजारी दुसरी सिस्टर उभी करावी लागते.

२०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ माणसं गेली, त्यांत १२ नवजात बाळं होती. खाटांच्या कितीतरी पट रुग्ण, औषधांची टंचाई, रिकामी पदं, सगळं बाहेर आलं. आणि महाराष्ट्राने टीव्हीवर काय पाहिलं? एका लोकप्रतिनिधीने अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांच्याकडून संडास साफ करून घेतला ते. गाडगेबाबांच्या मुलखातला माणूस झाडूला नावं ठेवणार नाही. पण बाबांनी झाडू आधी स्वतःच्या हातात घेतला होता, आणि नवजात कक्षातली घाण झाडूला दिसणारी नाही. त्या दिवशी एकाही कॅमेऱ्याने कक्षातल्या बेसिनला पाणी येतं का, हे पाहिलं नाही.

भंडाऱ्याचंही तसंच. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासण्यांचे आदेश निघाले, ते निघायलाच हवे होते. संसर्गाने एक-एक करून जाणाऱ्या बाळांसाठी तसा आदेश निघत नाही. कागदावर कारण लिहिलं जातं 'कमी दिवसाचं, कमी वजनाचं', आणि ते खोटंही नसतं.

बेसिनच्या पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. अकोटच्या दक्षिणेकडची बरीच गावं खारपाणपट्ट्यात मोडतात. विहिरीला पाणी आहे, पण खारट. ८४ खेडी योजना त्यासाठीच आली, वान धरणाचं पाणी त्यासाठीच ओढलं. नळ किती दिवसांनी येतो यावर इथल्या बाया आठवड्याची कामं लावतात. उपकेंद्राची टाकी कोरडी पडते तेव्हा बाळंतपण थांबत नाही, हात धुणं थांबतं. मुंबईत बसून स्वच्छतेची पत्रकं छापणाऱ्यांनी हे एकदा येऊन पाहावं.

जंतू औषधांना जुमानेनासे झाले की एक बोट शेतकऱ्याकडे दाखवलं जातं. दवाखान्यात अँटिबायोटिक हा शब्द कधी न ऐकलेल्या माणसानेही आमच्याकडे कृषी केंद्रातून स्ट्रेप्टोसायक्लीनची ६ ग्रॅमची पुडी आणलेली असते. लिंबावर खैऱ्या आला, कपाशीवर करपा आला, की ताम्रयुक्त बुरशीनाशकासोबत ही पुडी पंपात पडते. तिच्यात ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन, १० टक्के टेट्रासायक्लीन. म्हणजे माणसाचीच औषधं, त्यातलं पहिलं तर क्षयरोगावरचं. ती बनवते पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, जिथे १९५५ मध्ये सरकारी कारखान्यात स्वस्त पेनिसिलिन तयार होऊ लागलं आणि देशाने सुटकेचा निःश्वास सोडला. पिकांवरचं हे मिश्रण टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या दिशेने केंद्राने २०२१ च्या अखेरीस पाऊल टाकलं. त्याआधी २०१९ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यातल्या कोलिस्टिनवर बंदी आली. दोन्ही योग्यच. प्रतिकाराची जनुकं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात. माती, पाणी, पोट असा भेद त्यांना नाही. तरीही पेटीतल्या बाळाच्या रक्तातला क्लेब्सिएला शेतातून आला, असं म्हणणं मला सोयीचं खापर फोडणं वाटतं. तो बहुतेक वेळा शेजारच्या पेटीतून आलेला असतो.

मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय गोळ्या घेण्याची आपली सवय आहेच. मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक्सचाही समावेश असलेल्या एच-१ यादीतल्या औषधांची नोंदवही ठेवणं दुकानदाराला सक्तीचं आहे. ती वही मागून पाहणारं गिऱ्हाईक मी तरी अजून पाहिलेलं नाही. गावातल्या खासगी डॉक्टरची बाजूही ऐकायला हवी. रक्तातला जंतू ओळखणाऱ्या कल्चर तपासणीची सोय जवळ नाही, अहवाल यायला दोन-तीन दिवस, बाळ निळं पडतंय आणि दारात वीस नातेवाईक. तो कार्बापेनेम गटातलं मेरोपेनेम लिहून मोकळा होतो. साधं औषध दिलं आणि बाळ गेलं तर काचा फुटणार. भारी औषध दिलं आणि बाळ गेलं तर 'डॉक्टरसाहेबांनी लय प्रयत्न केले'. या हिशेबात शहाणपणाला जागा कुठे उरते?

इथे एक सावधगिरीची गोष्ट. अँटिबायोटिक कमी करा, हा मंत्र सरसकट लावला तर मरतील ती मेळघाटातली आणि गडचिरोलीतली बाळं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. रक्तातल्या संसर्गाची लक्षणं दिसली तर त्या जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायच्या. १९९९ मध्ये निष्कर्ष छापले गेले, तेव्हा त्या गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला होता. जेंटामायसिन हे जुनं, स्वस्त औषध. ते वेळेवर, घरात मिळालं म्हणून बाळं जगली. मेळघाटातून उठवून अकोट-तेल्हारा तालुक्यांत वसवलेल्या कोरकू पाड्यांना आजही तेच हवं आहे. एका टोकाला औषध पोचत नाही म्हणून लेकरू जातं, दुसऱ्या टोकाला औषध चालत नाही म्हणून. दोन्ही टोकं एकाच जिल्ह्याच्या नकाशावर आहेत.

मग चालतं काय? मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उभारली. गर्दीचा, गरिबांचा, पालिकेचा दवाखाना. कमी दिवसांच्या बाळांच्या पोटात बाटलीतून जंतू जातात आणि आईच्या दुधातून संरक्षण जातं, एवढ्या साध्या गोष्टीवर ती पेढी उभी आहे. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या चाचणीने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. कमी वजनाच्या बाळांना प्रकृती स्थिरावायची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, तर मृत्यू पाव हिश्शाने कमी झाले. रक्तातला संसर्गही कमी आढळला. त्यासाठी आईची खाट नवजात कक्षातच लावावी लागली. आईच्या अंगावरचे जंतू बहुधा बाळाच्या ओळखीचे, साधे, औषधाला ऐकणारे असतात. कक्षाच्या मोरीतले नसतात.

आमच्याकडे अजून उलटंच दृश्य आहे. 'लेकराले पेटीत ठेवलं बाई, मायलेबी आत जाऊ देत न्हाई,' असं सांगत आजी कक्षाच्या दारात बसलेली असते. आईमुळे इन्फेक्शन होईल, असं तिला सांगितलेलं असतं. आई बाहेर, आणि आत दहा बाळांमागे एकच हातांची जोडी.

औषधं नवी येतील. आपल्याच छत्रपती संभाजीनगरातल्या वोक्हार्टच्या प्रयोगशाळेतून नॅफिथ्रोमायसिन आलं, पण ते प्रौढांच्या न्यूमोनियासाठी. नवजात बाळांवर नव्या औषधांच्या चाचण्या सगळ्यांत शेवटी होतात. तोवर हातात आहे ते असं: रक्ताचा एक मिलिलिटर नमुना पहिल्या डोसाच्या आधी घेणं, ४८ तासांनी अहवालात जंतू नाही आणि बाळ चांगलं असेल तर औषध थांबवणं, आणि कोणत्या कक्षात कोणता जंतू कोणत्या औषधाला ऐकतो याचा तक्ता दरवर्षी काढून अकोटच्या डॉक्टरांपर्यंतही पोचवणं. म्हणजे रेफर करणारा निदान बरोबर औषधाने सुरुवात करील, आणि त्याचं नाव चिठ्ठीवर वाचता येईल असं लिहील.

निवडणुका आल्या की आपल्या रुग्णालयांत नव्या यंत्रांची लोकार्पणं होतील, फिती कापल्या जातील, फोटो निघतील. त्या गर्दीत तुम्ही असाल तर पुढाऱ्याला तीन प्रश्न विचारा. नवजात कक्षात रात्रपाळीला किती सिस्टर असतात? रविवारी कल्चरचा नमुना घेतला जातो का? आणि आईची खाट आत कधी लागणार? उत्तर मिळेपर्यंत हार घालू नका.